हातचा का विसरतो?

पालकसभेत एक तक्रार हमखास ऐकू येते. मूल वाचते बरे, नज्मही पाठ करते, पण गणिताचे पान उघडले की पेन्सिल थांबते. अब्बा म्हणतात आळस, दादी म्हणतात मोबाईल. आम्ही अशा वेळी विचारतो, बाळंतपण दिवस भरून झाले होते का? मग एखादी अम्मी आवाज खाली आणून सांगते, "सातव्या महिन्यात झाला. काचेच्या पेटीत ठेवला होता." शाळेला हे कधी सांगितलेलेच नसते. अम्मीला बोल लागेल, ही भीती त्यामागे असते, आणि ती खोटीही नसते.

३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले बाळ मुदतपूर्व. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळे जन्मली. बहुतेकांचा जन्म थोडाच आधी होतो आणि ती इतरांसारखीच शिकतात. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांकडे मात्र लक्ष हवे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवड्यांच्या आत, म्हणजे फारच लवकर जन्मलेली मुले अकराव्या वर्षी तपासली, तेव्हा वाचनात ३० टक्के मागे होती, गणितात ४४ टक्के.

गणितच का? ब्रिटनमध्येच पुढे ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांची तपासणी झाली. त्यांची मुख्य अडचण संख्या न कळण्याची नव्हती; मनात आकडे धरून ठेवणे आणि आकृती-जागेचा अंदाज घेणे त्यांना जड जात होते.

४७ आणि ३८ ची बेरीज घ्या. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. पाच लिहीपर्यंत तो एक निसटतो आणि उत्तर येते ७५. बेरीज त्याला येते! लाल शेरा मात्र "लक्ष नाही" असा पडतो. तोंडी गणितात तर शेवटचा आकडा ऐकेपर्यंत पहिला गेलेला असतो.

म्हणून हातचा डोक्यात नको, वर लिहू द्या. चौकटीची वही घ्या, एकक-दशक सरकत नाहीत. एका वेळी एकच पायरी सांगा. घड्याळ लावून पाढे म्हणवून घेणे आम्हाला तर कधीच पटले नाही. तक्ता समोर असू द्या. घरी 'बाईस' आणि शाळेत 'बावीस' ऐकणाऱ्या आमच्या मुलांना आकडा लिहूनही दाखवावा. डोळे तपासून घ्या, कारण या मुलांना चष्मा लागण्याचे प्रमाण जास्त असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, त्यांनाही जन्माची हकिकत सांगा. गरज वाटल्यास ते पुढच्या तपासणीसाठी पाठवतात, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि दवाखान्याचे जुने डिस्चार्ज कार्ड कपाटात असेल तर शोधा. त्यावर आठवडे लिहिलेले असले तर एक झेरॉक्स वर्गशिक्षकांना द्या, सहामाहीच्या आधी दिलीत तर उत्तम.