कुंपणाची भिंत कुणाच्या नकाशावर?

29 जून 2019 च्या पहाटे पुण्याच्या कोंढव्यात एका गृहसंकुलाची कुंपणाची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. 15 जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. तीन दिवसही उलटले नाहीत तोवर आंबेगावात दुसरी भिंत पडली आणि सहा मजूर दगावले. त्याच रात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत उतारावरच्या वस्तीवर आली. तिथल्या मृतांचा आकडा तिशीच्या पुढे गेला.

तिन्ही ठिकाणी मुसळधार पाऊस होता, म्हणून दोष पावसाला देऊन मोकळं होणं सोपं जातं. पण कोंढव्याचं चित्र पाहा. भिंतीच्या वरच्या अंगाला गाड्या उभ्या होत्या. खालच्या अंगाला नव्या इमारतीचं खोदकाम चाललं होतं. गाड्याही भिंतीबरोबर खाली आल्या. नाव कुंपणाचं, पण त्या भिंतीवर भरावाचा रेटा होता, गाड्यांचा भार होता, आणि पायथ्याशी खोदकाम येऊन ठेपलं होतं. अशी भिंत रिटेनिंग वॉलच असते. फक्त तसं कुणी तिला कागदावर म्हटलेलं नसतं.

पावसाच्या पाण्याचं गणित तर पदविकेच्या दुसऱ्या वर्षातलं आहे. 3 मीटर उंचीची भिंत घ्या. मागे कोरडा मुरूम, घनमीटरला 18 किलोन्यूटन वजनाचा, घर्षणकोन 30 अंश. रँकिनच्या सूत्राने धावत्या मीटरला 27 किलोन्यूटन रेटा येतो. आता मागे माथ्यापर्यंत पाणी तुंबू द्या. मातीचं परिणामी वजन निम्म्यावर येतं, तिचा वाटा 14 किलोन्यूटनच्या आसपास उरतो. पण पाणी एकटं 44 किलोन्यूटन रेटतं. बेरीज 58. दोन्ही रेटे उंचीच्या एक-तृतीयांशावर लागत असल्याने उलथवणारा आघूर्णही दुपटीहून जास्त होतो. उलथण्याविरुद्ध 2 चा सुरक्षा गुणांक असलेली भिंत एका पावसात 1 च्या खाली उतरते, आणि यात पायाखालचा पाण्याचा उचलदाब धरलेलाच नाही.

म्हणूनच वीप होलकडे बारकाईने पाहायला हवं. नकाशात ती असतात. साईटवर पाइपही टाकलेला असतो. पण त्याच्या मागच्या तोंडाशी खडीचा थर नसतो, जिओटेक्स्टाइल नसतं, भराव म्हणून खोदकामातलीच काळी माती ढकललेली असते. मग गिलावा करताना गवंडी पुढचं तोंड सिमेंटने लिंपून टाकतो, कारण ते दिसायला बरं दिसतं. तासभर चांगला पाऊस पडल्यावर भिंतीच्या अंगावर ओल उतरली आणि पाइप मात्र कोरडे राहिले, तर पाणी मागे अडलंय हे समजायला कुठलंही यंत्र लागत नाही. काठाला समांतर गेलेली भेग, भिंतीला सुटलेलं पोट, वरच्या फरशीचा बसलेला कोपरा ही लक्षणंही नुसत्या डोळ्यांना दिसतात. प्रश्न एवढाच आहे की ती पाहून काम थांबवायचा अधिकार कुणाकडे आहे?

मोठ्या कामांवरही हाच प्रश्न जिवावर बेतला आहे. सिंगापुरात 20 एप्रिल 2004 रोजी सर्कल लाईनचं 30 मीटरहून खोल खोदकाम निकोल हायवेलगत कोसळलं आणि चौघांचा जीव गेला. तिथे डायफ्रॅम वॉल होती, स्ट्रट होते, इनक्लिनोमीटर होते. चौकशीत दिसलं की विश्लेषणात समुद्री चिकणमातीची ताकद जास्त धरली गेली होती आणि स्ट्रट व वेलर यांचा जोड कमकुवत होता. मोजमापं मात्र आधीपासून इशारा देत होती. खोदकाम चालूच राहिलं. त्यानंतर सिंगापूरने अशा तात्पुरत्या आधारकामांनाही रीतसर तपासणी आणि मंजुरीच्या कक्षेत आणलं.

मुंबईत मेट्रो 3 च्या स्थानकांसाठी सिकंट पाइलच्या भिंती उभ्या राहिल्या. इतकं अवघड काम इथले अभियंते करू शकतात याचा अभिमान वाटतो, आणि म्हणूनच शेजारच्या गल्लीतल्या तीन मीटरच्या भिंतीची हेळसांड जास्त खुपते. आर्किटेक्टच्या नकाशावर ती एक रेघ असते, स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या कामात ती येत नाही, ठेकेदार ती ‘नेहमीसारखी’ बांधतो. माती तपासणीचा अहवाल इमारतीच्या पायापुरता असतो. दोन्ही बाजूंच्या जमिनीच्या पातळीत मीटरभराचा फरक असेल तिथे कुंपणाच्या भिंतीचंही डिझाइन, निचऱ्याच्या तपशिलासह, सहीनिशी व्हायला हवं, असं या मासिकाचं स्पष्ट मत आहे. तिच्या पायथ्याशी नवं खोदकाम सुरू करणाऱ्याने आधी शेजारच्या भिंतीचा पाया किती खोल आहे हे चाचणीखड्डा घेऊन पाहावं.

आणि मजुरांच्या खोल्या. जागा वाचते, एक बाजू आयती मिळते, म्हणून त्या भिंतीला चिकटवून बांधल्या जातात. भिंतीच्या उंचीइतकं तरी अंतर मोकळं सोडावं, उतारावर त्याहून जास्त. ज्या साईटवर आज त्या भिंतीला टेकून उभ्या आहेत, तिथल्या अभियंत्याने पाऊस सुरू होण्याआधी त्या हलवून घ्याव्यात, मालक कितीही कुरकुरला तरी.