सांगितलेली पाककृती आणि मराठीचा अभ्यासक

मराठीच्या अभ्यासकांनी जात्याजवळ बसून पुष्कळ ऐकले आहे. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे स्त्रीगीतांचे केलेले संकलन, आणि पुढे हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जमविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या, या कार्याचे मोल वेगळे सांगावयास नको. परंतु दळणारी बाई गात होती तेव्हा ती काहीतरी दळतही होती. ती काय वैरत होती, त्या पिठाचे पुढे काय झाले, ते मळताना तिने सुनेला काय सांगितले, हे विचारावे असे आपल्याला फारसे वाटले नाही. ओवी वाङ्मय ठरली. भाकरी मात्र घरकाम राहिली. हा भेद ज्यांच्याकडून आपण ओव्या घेतल्या त्या स्त्रियांनी केलेला नाही, आपण केलेला आहे, आणि तो तपासून पाहण्याची वेळ आली आहे असे मला वाटते. पिढ्यान्‌पिढ्या घरात सांगितली जाणारी पाककृती हा मौखिक गद्याचा एक प्रकार आहे आणि त्याचा अभ्यास मराठी विभागांनीच केला पाहिजे, हे माझे प्रतिपादन आहे.

लिखित पाककृतीची परंपरा आपल्याकडे नवी नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सतराव्या शतकात तंजावरास व्यंकोजीराजांच्या आश्रयाने रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ आले, आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’. ‘रुचिरा’चे ऋण मराठी घरे आजही मान्य करतात. वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे पुस्तकात आणण्यात या लेखिकेचे शहाणपण होते. प्रत्येक घरची वाटी वेगळी असली तरी पदार्थाचे प्रमाण ढळत नाही, आणि तराजू नसलेल्या स्वयंपाकघरातही पुस्तक उपयोगी पडते. माहेर दूर असलेल्या, सासू सोबत नसलेल्या कितीतरी मुलींना या पुस्तकाने हात दिला.

परंतु ग्रंथातील पाककृतीची भाषा पाहा. घालावे, परतावे, ढवळावे, उतरवावे. हे वाख्यात आहे. त्यात कर्ता नाही, काळ नाही, ऐकणारे माणूस नाही. कोणी, कोणाला, केव्हा सांगितले याची खूण या क्रियापदांत राहत नाही, आणि छापील पुस्तकाला ती नकोच असते, कारण ते सर्वांसाठी असते. घरात सांगितली जाणारी पाककृती मात्र वेगळे रूप वापरते. ‘यात चिंच घालायची’ असे आई मुलीला सांगते. आता याच वाक्याच्या आधी एक शब्द ठेवून पाहावा: ‘आई यात चिंच घालायची.’ पहिल्या वाक्यात क्रियापद चिंचेशी जुळले आहे आणि अर्थ विधीचा आहे. दुसऱ्यात ते आईशी जुळले आहे आणि अर्थ रीतिभूतकाळाचा, म्हणजे आता न उरलेल्या परिपाठाचा आहे. रूप मात्र अक्षरशः एकच. बोलताना कर्ता अध्याहृत राहिला तर ऐकणाऱ्याला हे कळणेच कठीण, की आपल्याला कृती सांगितली जात आहे की गेलेल्या माणसाची आठवण. माझ्या मते ही केवळ व्याकरणातील गंमत नव्हे. मराठीत पाककृती आणि स्मृती एकाच प्रत्ययात नांदतात, आणि ‘घालावी’ असे लिहिताच त्यांतील एकीला आपण घराबाहेर काढतो.

या सांगण्याला स्वतःची परिमाणेही आहेत. बोटाच्या पेराइतके पाणी, वास सुटेपर्यंत भाजणे, हाताला चटका बसेल न बसेल इतके कोमट. यांना ‘अंदाज’ म्हणून बाजूला सारण्याची आपल्याला सवय आहे. वस्तुतः ती ज्ञानेंद्रियांची मापे आहेत आणि ज्याच्या शेजारी उभे राहून ती शिकावी लागतात असा माणूस ती गृहीत धरतात. खानदेशात कळणाच्या भाकरीसाठी ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळून आणतात. ‘पायलीला शेर उडीद’ हे त्याचे एक सांगणे. पायली म्हणजे चार शेर, तेव्हा प्रमाण चारास एक. १९५६च्या कायद्याने दशमान वजनमापे आली. बाजारातून शेर गेला, पण अशा वाक्यांतून तो टिकून राहिला. चिपटे, मापटे, अधोली हे शब्द आजच्या विद्यार्थ्याला कोशात पाहावे लागतात, आणि त्याच्या आजीला ते भांड्याच्या आकारासकट आठवतात.

घराघरांतून आढळणाऱ्या हस्तलिखित वह्यांचा विचार येथे केला पाहिजे. शाळेच्या उरलेल्या पानांच्या, कधी जुन्या दैनंदिनीच्या या वह्या. त्यांत पदार्थांना नावे असतात ती देणाऱ्या बाईची: अमक्या काकूंच्या चकल्या, तमक्या वन्संचे लोणचे. एकाच पानावर वर अनारसे, खाली दुधाचा हिशेब, कडेला स्वेटरच्या टाक्यांची मोजणी, मागे एखादे स्तोत्र. हस्तलिखितांच्या अभ्यासात आपण समासातील नोंदींना किती महत्त्व देतो! या वह्यांतील नावांच्या आधारे एखाद्या चाळीतील वा वाड्यातील स्त्रियांच्या संबंधांचा आलेख काढता येईल. कोणाशी देवघेव होती आणि कोणाशी नव्हती हेही त्यातून दिसेल. शेजारी राहूनही ज्यांचे नाव वहीत कधी येत नाही अशी घरे कोणती, हा प्रश्न अभ्यासकाने अवश्य विचारावा. बहुतेक वेळा उत्तर जातीत सापडेल.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने आपल्या आजीकडून ऐकलेल्या पाककृतींवर लघुप्रबंध लिहिण्याचे ठरविले. संबंधित समितीने ‘हा गृहविज्ञानाचा विषय आहे’ असा शेरा मारून प्रस्ताव परत पाठविला. मुलीने मुकाट्याने एका कादंबरीकारावर प्रबंध लिहिला, पदवी घेतली आणि विषय संपला. तिने केलेले ध्वनिमुद्रण मी ऐकले आहे. आजी मराठवाड्यातील, १९७२च्या दुष्काळात कामावर खडी फोडलेली. त्या वर्षी धान्य म्हणून मिलो ही परदेशी तांबडी ज्वारी आली होती आणि कामावर सुकडी वाटली जाई, हे आपण वाचलेले असते. आजीचे सांगणे असे: “त्या पिठाला विरीच नसायची. आधणाचं पाणी घालायचं, झाकून ठेवायचं, मग मळायचं. तरी कडा फाटायच्या. पोरं तोंड फिरवायची. मी म्हणायचे, डोळे मिटून गिळा.”

या पाच-सहा वाक्यांत कृती कोठे संपते आणि आठवण कोठे सुरू होते ते कोणी दाखवून द्यावे. ‘आधणाचं पाणी घालायचं’ ही सूचना आहे की वृत्तान्त? विरी म्हणजे पिठातील चिकटपणा; पीठ जुने झाले की ती जाते आणि भाकरी थापताना तुटते. तेव्हा उकळत्या पाण्याने पीठ बांधून घेणे ही जुनी युक्ती त्या बाईने परक्या धान्यावर चालविली. म्हणजे येथे अनोळखी धान्याशी झालेला पहिला व्यवहार नोंदला गेला आहे, आणि तोही विलक्षण काटकसरीच्या गद्यात. दुष्काळावरच्या आपल्या कथा-कादंबऱ्यांत मिलोचा उल्लेख सापडेल. तो मळताना हाताला कसा लागत होता हे मात्र या बाईनेच सांगावे. हे गृहविज्ञान असेल तर असो. मराठीचे नाही, असे कोणत्या निकषावर म्हणावयाचे?

समितीच्या शेऱ्यापेक्षा मला अधिक धोक्याची वाटते ती दुसऱ्या बाजूची प्रवृत्ती. अलीकडे ‘आजीच्या हातची चव’ हा एक भावव्यापार झाला आहे. दिवाळी अंकांच्या पुरवण्या, दूरचित्रवाणी आणि आता हातातल्या फोनवरील चित्रफिती या सर्वांनी त्यास हातभार लावला. या आठवणीत तूप असते, केळीचे पान असते, वाड्याचा चौक असतो. ‘परंपरागत मराठी भोजन’ म्हणून जे मांडले जाते ते पुष्कळदा दोन-चार जातींच्या सणावारांचे ताट असते, आणि त्याची आठवण सर्वांनी आपली म्हणून काढावी अशी अपेक्षा असते. घरगुती पाककृती ही घराण्याची ठेव आहे असे म्हणताना त्या घराच्या चुलीपर्यंत कोणाला येऊ दिले जात नव्हते, हे विसरले जाते.

शाहू पटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हे पुस्तक म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यजीवनाची, त्यातील पदार्थांच्या कृतींसह, लेखकाने मांडणी केली आहे. अन्नाची सात्त्विक-राजस-तामस अशी प्रतवारी आणि माणसांची प्रतवारी यांचे नाते ते स्पष्टपणे दाखवितात. पुस्तकाच्या नावातच जेवणाआधी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकाशी वाद आहे. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाल्यावर त्याची चर्चा दूरवर झाली. आपल्या विभागांतून ती किती झाली याचा विचार ज्याचा त्याने करावा. तसेच शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’तील (१९८४) संतामाय. शेणातून निघालेले ज्वारीचे दाणे धुऊन, दळून ती भाकरी करते. हा प्रसंग आपण वर्गात शिकवितो तो सामाजिक विदारकतेचा नमुना म्हणून. तो तसा आहेच. पण वेचणे, धुणे, वाळविणे, दळणे, भाजणे या क्रमाला आपण कधी कौशल्य म्हणून वाचले आहे काय? दुःख दिसले की आपले वाचन तेथेच थांबते आणि बाईच्या हातातील ज्ञान दिसेनासे होते. वाड्यातल्या आजीची कृती कला आणि संतामायची कृती केवळ करुणा, ही वाटणी समीक्षेला शोभणारी नाही.

अर्थात संकलनाला निघणाऱ्याने काही गोष्टी जाणून असाव्यात. पाककृती सांगणारी बाई हातचे राखून सांगते, असा अनुभव येतो. लाडू कसे करता असे विचारावे तर एखादा जिन्नस गाळलेला असतो. हा तिचा अधिकार आहे. जिच्या नावावर घर नाही, शेत नाही, तिच्याकडे एवढीच एक मत्ता असू शकते. याच्या उलट भुकेच्या काळातील अन्न सांगताना बाई संकोचते. ‘त्यात काय सांगायचं’ म्हणून विषय तोडते. त्या तुटलेल्या जागेवर पुन्हापुन्हा बोट ठेवणे हे संशोधन नव्हे. तिने सांगितले तेवढे घ्यावे, आणि छापण्यापूर्वी तिला वाचून दाखवावे. नाव द्यावे की नाही हे तिने ठरवावे.

नोंदीची पद्धत कोणती, असे विचारले जाईल. ती आपल्याच दप्तरात आहे. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’साठी ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन लीळा मिळविल्या, पुढे मूळ ग्रंथ हरवला असता अनुयायांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा राहिला असे महानुभाव परंपरा सांगते. यातून निघालेले पाठभेद त्या पंथाने पुसून टाकले नाहीत. हा पाठ हिराइसेचा, हा दुसऱ्या कोणाचा, अशी स्मरण करणाऱ्याची नावे जपली आणि भिन्न पाठाला ‘वासना’ म्हटले. पाककृतीसाठी याहून नेमकी पद्धत मला ठाऊक नाही. एकाच आमटीची आईची एक वासना, मावशीची दुसरी, आणि लग्न होऊन कोकणात गेलेल्या धाकटीची तिसरी, जिच्यात चिंचेऐवजी कोकम आले आहे. यांतील मूळ पाठ कोणता हे ठरविण्याच्या भरीस न पडता तिन्ही द्याव्यात. भाषा बोलीतलीच ठेवावी. ‘टाकायचं’चे ‘घालावे’ करू नये. सांगताना मध्येच आलेली मेलेल्या नणंदेची गोष्ट ‘विषयांतर’ म्हणून कापू नये, कारण ती गोष्ट त्या कृतीत का आली हाच पुष्कळदा अभ्यासाचा विषय असतो.

पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील एका व्यक्तीकडून एक सांगितलेली पाककृती शब्दशः उतरवून आणावी, एवढे काम लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत अंतर्गत मूल्यमापनासाठी सहज बसू शकते. त्यास निधी लागत नाही, वेगळी मान्यता लागत नाही. १९७२ मध्ये विशीत असलेल्या आणि मिलोचे पीठ मळलेल्या स्त्रिया आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. वर उल्लेखिलेले ध्वनिमुद्रण त्या विद्यार्थिनीच्या जुन्या फोनमध्ये होते. मी मागितले म्हणून तिने त्याची प्रत काढली. ती आता विभागाच्या कपाटात आहे, तिच्यावर आजीच्या इच्छेप्रमाणे फक्त गावाचे नाव घातले आहे, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी आहे.