पावसाची ओढ आणि वातावरणातील लाट

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की तिफण शेतात न्यावी, ही कोरडवाहू भागातील जुनी रीत आहे. परंतु पेरणीनंतर पावसाने दोनतीन आठवडे ओढ दिली, म्हणजे कोवळी रोपे करपतात व दुबार पेरणीसाठी शेतकऱ्यास पुन्हा कर्ज काढावे लागते. या ओढीस निसर्गाचा निव्वळ लहरीपणा मानण्याची प्रवृत्ती अद्यापि आढळते. वस्तुतः तिच्यामागे बऱ्याच अंशी एक क्रम असतो, आणि तो ध्यानी घेऊन पेरणीचा दिवस ठरविणे हेच हिताचे आहे.

विषुववृत्तालगतच्या तप्त सागरावरील बाष्पयुक्त हवा वर चढून तिचे मेघ बनतात. या मेघांचे हजारो किलोमीटर रुंदीचे समूह हिंदी महासागराकडून पूर्वेस पॅसिफिककडे सरकत असतात. समूह जेथे असतो तेथे पाऊस वाढतो. त्याच्या पुढेमागे हवा खाली उतरते व ढग विरतात. अमेरिकन शास्त्रज्ञ रोलंड मॅडन व पॉल ज्युलियन यांनी पॅसिफिकमधील कॅन्टन बेटावरील वारे व वायुभार यांच्या नोंदी तपासून १९७१ साली या लाटेचे सुमारे ४० ते ५० दिवसांचे आवर्तन उघडकीस आणले. पावसाळ्यात मेघांचे पट्टे हिंदी महासागरावरून उत्तरेकडेही सरकतात, हे डी. आर. सिक्का व सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून १९८० साली दाखविले. असा पट्टा मध्य भारतावर असता पाऊस चांगला होतो. पावसाचे क्षेत्र हिमालयाच्या पायथ्याशी गेले की आपल्याकडे खंड पडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये देशात सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी झाला. १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होय. त्या वेळी एल निनोच्या जोडीला ही लाटही प्रतिकूल होती.

लाट मंदगतीने चालत असल्यामुळेच तिची चाहूल आधी लागते. भारतीय हवामान खाते दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा अंदाज प्रसिद्ध करते. त्यातील पहिले दोन आठवडे अधिक भरवशाचे, तर पुढील दोन केवळ दिशा दाखविणारे असतात. शिवाय हा अंदाज विस्तृत प्रदेशाचा असतो. एखाद्या गावच्या शिवारात अमुक दिवशी पाऊस पडेल, असे तो सांगत नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी तो गावोगावी पोहोचविताना ही मर्यादाही स्पष्ट सांगावी. शक्यतेला खात्रीचे रूप दिल्यास एका चुकीने सर्वच सल्ल्यावरील विश्वास उडतो.

थांबल्यास वापसा निघून जातो व उशिराच्या पेरणीने उत्पन्न घटते, हा शेतकऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. म्हणून केवळ थांबा असे सांगणे पुरेसे नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल साठली असेल आणि पुढील दोन आठवड्यांत मोठ्या खंडाचा संभव नसेल, तर पेरणीस विलंब करू नये. संभव असल्यास, विशेषतः हलक्या जमिनीत, घाई टाळावी. उभ्या पिकात खंडाची चाहूल लागताच कोळपणी व आच्छादन करून ओल राखावी, युरियाचा हप्ता पुढे ढकलावा आणि शेततळ्यातील पाणी संरक्षित पाळीसाठी जपावे.

लाट थोपविणे मनुष्याच्या हाती नाही. परंतु घरातील बियाणे मातीत केव्हा टाकावे, हा निर्णय शेतकऱ्याचा आहे. तो अधिक माहितीनिशी घेता यावा, एवढ्यासाठी हवामानशास्त्र बांधापर्यंत पोहोचले पाहिजे.