बंदीला मुदत घाला

राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला की कात्री कुठे लागणार, हे महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये आता कुणाला विचारावे लागत नाही. 4 मे 2020 रोजी, टाळेबंदी ऐन भरात असताना, महाराष्ट्राच्या वित्त विभागाने काटकसरीचा शासन निर्णय काढला. विकासकामांना वर्षाच्या तरतुदीपैकी 33 टक्केच निधी मिळेल आणि सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण सोडून कोणत्याही विभागाने नवी पदभरती करू नये, असा त्याचा सारांश. महसूल आटला होता, रुग्णालये ओसंडत होती. तेव्हा आरोग्याला झुकते माप दिले, ते योग्यच होते. आमची तक्रार आहे ती त्यानंतरच्या दिवसांबद्दल.

अनुदानित महाविद्यालयांवरचा सरकारी खर्च म्हणजे मुख्यतः वेतन. नोकरीत असलेल्या प्राध्यापकाच्या पगाराला हात लावता येत नाही. मग बचत होते ती निवृत्त झालेल्याची जागा न भरून. त्यासाठी कुणाला नोटीस द्यावी लागत नाही, मोर्चा निघत नाही, विधानसभेत कपात-सूचना येत नाही. सरकारने 2018 च्या नोव्हेंबरात सहायक प्राध्यापकांची 3580 पदे भरायला परवानगी दिली होती, तीही रिक्त पदांच्या 40 टक्केच. भरती अर्ध्यावर असताना बंदी आली आणि 2088 पदे लटकली. त्यांना पुन्हा मंजुरी मिळायला नोव्हेंबर 2021 उजाडला. 2020 साली एफ.वाय.ला प्रवेश घेतलेला विद्यार्थी तोवर दुसऱ्या वर्षात गेला होता. बरे, मंजुरी म्हणजे नेमणूक नव्हे. आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घ्या, सहसंचालकांचे ना-हरकत प्रमाणपत्र आणा, जाहिरात द्या, विद्यापीठाकडून निवड समिती मागा. एवढे सव्यापसव्य होईपर्यंत अनेक ठिकाणी त्या मुलाच्या हाती पदवी आलेली होती.

मधल्या काळात त्याला शिकवले कुणी? तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाने. हा माणूस नेट-सेट झालेला असतो, अनेकदा पीएच.डी.ही. तो आठवड्याच्या ठरावीक तासिकांपुरता नेमलेला, सुट्टीत बिनपगारी. वर्ष संपले की नेमणूक संपली, पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात आणि पुन्हा मुलाखत. त्याचे देयक सहसंचालक कार्यालयात जाते आणि महिनोन्महिने तिथेच राहते. तो एका महाविद्यालयातला तास आटोपून दुसरीकडच्या तासासाठी एस.टी. पकडतो. अशा माणसाने मुलांना तासानंतर थांबवून शंका विचारू द्याव्यात, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

आणि ही बचत पुढे महागात पडते. मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत, हे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात मोजले जाते. पदे रिकामी म्हणून श्रेणी घसरते, श्रेणी घसरली म्हणून निधीची दारे बंद होतात. केंद्राने 2013 मध्ये उच्च शिक्षणाला निधी देणारी रूसा योजना आणली, तेव्हा राज्यांना घातलेल्या अटींत प्राध्यापक भरतीवरची बंदी उठवणे ही एक अट होती. म्हणजे राज्याने पगारात वाचवायचे आणि त्यापायी केंद्राच्या पैशावर पाणी सोडायचे! वित्त विभागाच्या खतावणीत पहिली रक्कम दिसते, दुसरी दिसत नाही.

खरे तर मंदीतच सरकारी व अनुदानित महाविद्यालयांवरचा भार वाढतो. बापाचा पगार कापला गेला की खासगी संस्थेची फी झेपत नाही, आणि नोकऱ्याच नसल्या की मुले आणखी दोन वर्षे शिकून घेतात. 2024-25 पासून 8 लाखांच्या आतील उत्पन्न गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, हे स्वागतार्हच. पण फी माफ केल्याची जाहिरात करता येते, जागा भरल्याची तेवढी करता येत नाही, हेही त्यातून कळते.

संकटातही उच्च शिक्षण थांबवायचे नसते, याचा दाखला याच राज्यात आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले ते 18 नोव्हेंबर 1962 रोजी. चीनशी युद्ध सुरू होते. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना संरक्षण खाते सांभाळायला दिल्लीने बोलावले होते. राष्ट्रपती राधाकृष्णन तरीही कोल्हापूरला आले. युद्धाचे कारण सांगून समारंभ दोन वर्षे पुढे ढकलला असता, तर कुणी बोल लावला नसता.

पुढची मंदी केव्हा येईल ते सांगता येत नाही, पण काटकसरीचा आदेश येईल हे नक्की. त्याचा मसुदा करताना उच्च व तंत्रशिक्षण विभागाने दोनपैकी एक गोष्ट तरी हट्टाने मागून घ्यावी. निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या अध्यापकांच्या जागा बंदीतून वगळाव्यात. ते जमणार नसेल, तर बंदी कोणत्या तारखेला आपोआप संपेल, ती तारीख त्याच आदेशात छापावी. म्हणजे ती उठवण्यासाठी प्राध्यापकांना आझाद मैदानात बसावे लागणार नाही.