अर्जातील एक 'नाही'

"एवढ्याशा पोरीला शुगर? गोड फार देत होतात का?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला लग्नघरात, एसटी स्टँडवर, बँकेच्या रांगेत आणि एकदा तर स्मशानातही विचारला गेला आहे. विचारणाऱ्याचा दोष नाही. मधुमेह म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो पन्नाशीचा, पोट सुटलेला, बिनसाखरेचा चहा मागणारा गृहस्थ. मुलांना होणारा टाइप वन मधुमेह नावाने त्याचा भाऊ असला तरी स्वभावाने अगदी वेगळा. यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. इन्शुलिन बनतच नाही, म्हणून ते बाहेरून द्यावे लागते. रोज आणि आयुष्यभर. त्याची जागा गोळी घेत नाही आणि कारल्याचा रसही घेत नाही. आणि पेढे खाल्ल्याने तो होत नाही. हे मी इतक्यांदा सांगितले आहे की आता ते पाढ्यासारखे तोंडात बसले आहे.

आमच्याकडे तो आला २०१८ च्या श्रावणात. लेक पाच वर्षांची होती. वर्षापूर्वी सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा सुरू झाली, म्हणून आम्ही तिला रागावलो. ती रात्री उठून माठापाशी जाऊन पाणी प्यायची. फ्रॉक सैल व्हायला लागले तेव्हा आई म्हणाली, "उंचीला लागलीय." मग एका रात्री उलट्या सुरू झाल्या आणि पोट दुखू लागले. जवळच्या दवाखान्यात पोट बिघडल्याचे निदान होऊन सलाइन लागले. सकाळी ती धापा टाकल्यासारखा श्वास घेऊ लागली, तेव्हा मोठ्या रुग्णालयात धाव घेतली. बोटाच्या थेंबावर यंत्राने आकडा दाखवला, पाचशेच्या वर. एका पट्टीचे काम, अर्ध्या मिनिटाचे. फार पाणी पिणाऱ्या, फार लघवी करणाऱ्या आणि वाळत चाललेल्या मुलाला उलट्या झाल्या, तर डॉक्टरांकडे या एका तपासणीचा हट्ट धरा, एवढे मी येथे मुद्दाम लिहून ठेवतो. आम्हाला ते कोणी सांगितले नव्हते.

घरी आल्यावर जे सुरू झाले, त्याला लोक 'पथ्यपाणी' म्हणतात. प्रत्यक्षात तो हिशेब असतो. दिवसाला चार इंजेक्शने, एक संथ इन्शुलिनचे आणि तीन जेवणांआधीची. पोळी किती, भात किती वाट्या, दुपारी अंगणात पळणार की चित्रे काढत बसणार, ताप आहे का, या सगळ्यावर युनिटचा आकडा ठरतो. इंजेक्शन दिले आणि पोरगी म्हणाली, "मला भूक नाही," की घरातला पंखाही थांबल्यासारखे वाटते. कारण आत गेलेले इन्शुलिन परत काढता येत नाही. मग वरणभातासाठी गोष्टी, लाडीगोडी, धमक्या, आणि शेवटी साखरेचे पाणी. मधुमेह झालेल्या मुलीच्या मागे साखर घेऊन धावणारे आईबाप पाहून शेजारच्या काकूंना आमच्या डोक्याची काळजी वाटू लागली होती.

रात्री दोन वाजता उठून झोपेतल्या मुलीचे बोट टोचायचे. सत्तरच्या खाली आकडा गेला की तीन चमचे साखर, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासणी. हल्ली दंडावर चिकटवायचे सेन्सर मिळतात, ते दोन आठवडे चालतात. पण दर दोन आठवड्यांनी तो खर्च सर्वांना झेपत नाही, आम्हालाही सदोदित झेपलेला नाही. आणि खरे सांगायचे तर या उठण्यातले बहुतेक उठणे माझ्या पत्नीचे. तिने त्याच वर्षी नोकरी सोडली. माझी नोकरी सोडण्याचा विषय घरात निघालाही नाही. आजार मुलीला झाला, पण राजीनामा कोणी द्यायचा हे आधीच ठरलेले होते.

यापुढचे लिहिताना जरा अडखळतो.

निदानानंतरच्या आठवड्यातच आईने दार लोटून आम्हाला बसवले. म्हणाली, "कुणापाशी बोलू नका. पोरीची जात आहे. उद्या स्थळं बघायची वेळ आली की हेच आडवं येईल." पाच वर्षांची मुलगी, आणि चर्चा तिच्या लग्नाची! पण मी हसलो नाही, कारण आई खोटे बोलत नव्हती. अशी मोडलेली लग्ने आमच्याच नात्यात आहेत. आम्ही गप्प राहायचे ठरवले. पाहुणे आले की पेन डब्यात, डबा कपाटात. इंजेक्शन न्हाणीघरात. २०१९ च्या जूनमध्ये पहिलीचा अर्ज भरताना 'विद्यार्थ्यास काही आजार आहे काय?' या प्रश्नापुढे मी माझ्या हाताने 'नाही' असे लिहिले.

डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होत्या. मधल्या सुट्टीतही तालीम झाली आणि डबा तसाच राहिला. त्यानंतरच्या तासाला ती घामाने भिजून बाकावर डोके टेकून पडली. बाईंना वाटले, दमली असेल, नाहीतर रुसली असेल. त्यांनी दोनदा हाक मारली, मग रागावल्या. पाणी द्यायला आलेल्या शाळेतल्या मावशींच्या घरी नवऱ्याला इन्शुलिन चालू होते. त्यांनी तो घाम आणि थरथरणारे हात ओळखले आणि शिक्षकांच्या चहाच्या डब्यातली साखर तिला भरवली. ती तेव्हा गिळू शकत होती, हे आमचे नशीब. मुलगी बेशुद्ध झाली असती तर तोंडात काही घालणेही धोक्याचे ठरले असते.

मी तावातावाने शाळेत पोचलो. मुख्याध्यापिकांनी शांतपणे फाइल काढून अर्ज माझ्यापुढे ठेवला. अक्षर माझेच होते.

त्या दिवसापासून माझे मत पक्के आहे, आणि ते शाळांपेक्षा आधी पालकांना उद्देशून आहे. मधुमेही मुलाचे आईबाप शाळांविषयी तक्रारी करतात; अनेक खऱ्याही असतात. 'जबाबदारी तुमची' असे लिहून घेणाऱ्या, मुलाला सहलीला न नेणाऱ्या शाळा आहेत. पण शाळेला माहीतच नसेल तर तिने करायचे काय? लागते ते फार नाही. वर्गात खाण्याची आणि लघवीला जाण्याची मुभा, इंजेक्शनसाठी स्वच्छ जागा, बाईंच्या टेबलात साखरेची पुडी, आणि घाम व थरथर म्हणजे काय हे जाणणारी दोन माणसे. 'सीबीएसई'ने २०१७ मध्ये अशा मुलांना परीक्षेत खाण्याचे पदार्थ नेण्याची परवानगी दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहिले की, शाळेत साखर तपासणे, इन्शुलिन घेणे, मधल्या वेळी खाणे यांस मुभा असावी. कागद चांगले आहेत. पण ज्या मुलाच्या अर्जात 'नाही' लिहिले आहे, त्याच्यापर्यंत ते पोचणार कसे?

आणि लपवाछपवीची किंमत मोजते ते मूल. न्हाणीघरात दार लावून टोचून घेणारी मुलगी त्यातून एवढेच शिकते, की आपल्यात काही लाजिरवाणे आहे. मोठेपणी मैत्रिणींसमोर तिने इंजेक्शन टाळले तर तो तिचा हट्ट नव्हे. ती आमची शिकवण. लग्नाचे म्हणाल तर लपवून जमवलेल्या लग्नात इन्शुलिन कुठे ठेवायचे, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

सरकारकडे मागण्यासारखेही आहे. रुग्णालयाच्या बाकावर एक माउली भेटे. घरी फ्रिज नाही, म्हणून ती इन्शुलिनची कुपी ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवी. एकदा दुकानदाराने तिला भलतीच सिरिंज दिली. आपल्याकडे कुपीतले इन्शुलिन बहुधा मिलीलिटरला ४० युनिटचे आणि पेनमधले १०० चे. सिरिंजही त्याच मापाची हवी. चुकीच्या सिरिंजने मात्रा अडीचपट इकडची तिकडे होते. तिच्या लक्षात आले ते झाकणाच्या रंगावरून. ज्या औषधाचे पेटंट संशोधकांनी १९२३ मध्ये एकेका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले, ते शतकानंतरही तिला महिनाअखेरीस उसनवारी करून घ्यावे लागे. तपासणीच्या पट्ट्या तर ती आठवड्यातून दोनच वापरी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांची यादी केली. त्यात थॅलसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आले. टाइप वन मधुमेह आला नाही. निदान इन्शुलिन, सिरिंज आणि पट्ट्या तरी मुलांना प्रत्येक सरकारी रुग्णालयातून खंड न पडता मिळाव्यात, ही मागणी अवास्तव नाही.

लेक आता बारा वर्षांची झाली. युनिट स्वतः मोजते; माझे चुकले तर मला सुनावते. परवा नात्यातल्या लग्नात पंगतीला बसल्यावर तिने पिशवीतून पेन काढले. वाढप्याला विचारले, "काका, जिलबी आहे की श्रीखंड?" आणि आकडा फिरवू लागली. शेजारी बसलेल्या माझ्या आईने सवयीने पटकन पदर पसरून आडोसा केला.

"आजी, पदर बाजूला घे ना," ती म्हणाली, "मला आकडा दिसत नाहीये."