दोष गावाचा नाही

'शहरातल्या शाळेचं वातावरणच वेगळं, खेड्यात कोण टिकणार?' बीदर-कलबुर्गी सीमाभागात शिक्षकांच्या बदल्यांचा मोसम आला की हे वाक्य हमखास कानी पडते. मुडबीसारख्या गावी नेमणूक होताच बसवकल्याण नाहीतर कलबुर्गी गाठण्याची खटपट सुरू होते आणि खापर गावावर फुटते.

भाड्याचे घर, आजारपणात डॉक्टर, संध्याकाळची बस या अडचणी खऱ्याच आहेत. पण त्या राहणीच्या अडचणी. त्यांवरून शाळेतले वातावरण वाईट ठरवणे ही गफलत आहे. हॅल्पिन आणि क्रॉफ्ट या अमेरिकी अभ्यासकांनी 1960च्या दशकात शाळेचे वातावरण मोजायला आठ निकष मांडले. सहकाऱ्यांची उमेद, जिव्हाळा, बिनकामाच्या कामांचा जाच, मुख्याध्यापकांची आस्था किंवा दुरावा असे ते निकष आहेत. त्यांत इमारत नाही, गाव-शहरही नाही. गटबाजी आणि निकालाचा धाक असेल तर शहरातली टोलेजंग शाळाही शिक्षकाला कोंडवाडाच वाटते.

मग खेड्यातल्या हायस्कुलात बिघडते कुठे? रिकाम्या जागांत. गणिताची जागा भरलेली नसते, म्हणून ते तास विज्ञानाच्या सरांच्या गळ्यात पडतात. मुख्याध्यापकपदाचा प्रभार ज्येष्ठ बाईंकडे येतो. दहावीचा तास अर्धवट टाकून त्यांनी अक्षर दासोहाच्या, म्हणजे माध्यान्ह भोजनाच्या, तांदळाची नोंद करायची, तेवढ्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या (बीईओ) कार्यालयाला माहिती हवी असते. तुटपुंज्या मानधनावरच्या अतिथी शिक्षकाला पुढच्या जूनची खात्री नसते. अशा ठिकाणी एकोपा रुजणार कसा?

शिक्षण हक्क कायद्याचे कलम 26 सांगते की सरकारी शाळेत रिक्त पदे मंजूर पदांच्या 10 टक्क्यांवर जाऊ नयेत. पण हा कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीला ते कवच नाही. दहावीच्या एसएसएलसी परीक्षेच्या निकालाचा जाब मात्र तिथल्याच शिक्षकांना द्यावा लागतो.

उपाय हाताशी आहेत. राज्यघटनेच्या कलम 371(जे) मुळे या भागातल्या नोकरभरतीत स्थानिकांना आरक्षण आहे. त्या वाटेने इथलेच शिक्षक वेळेवर नेमा. प्रत्येक हायस्कुलाला पूर्णवेळ मुख्याध्यापक द्या, नोंदवह्यांसाठी कारकून द्या. मुख्याध्यापकांनीही निर्णयाच्या बैठकीत अतिथी शिक्षकांना मानाने बसवावे.

पालकांनो, शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत रंगरंगोटीआधी एकच प्रश्न विचारा: कोणत्या विषयाची जागा कधीपासून रिकामी आहे? उत्तर लेखी घ्या आणि जागा भरेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.