स्पंज खरवडू का, हा प्रश्नच चुकीचा आहे



"ताई, मुलाने समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवलीय. त्यात दगडावर स्पंज वाढलाय, प्रवाळ झाकायला लागलाय. खरवडून काढला तर दोष लागेल का?" या चातुर्मासात हा प्रश्न मला तिसऱ्यांदा आला. विचारणाऱ्या तिघी पुण्या-मुंबईकडच्या, पण आपल्याच लेकी-सुना. आमच्या हट्ट्यात अशी टाकी मी अजून पाहिलेली नाही. पण गोड्या पाण्याच्या काचपेट्या नव्या बंगल्यांत आल्याच आहेत. उद्या हीही येईल. म्हणून आजच लिहिते, आणि थोडं कडक लिहिते.

आधी स्पंज म्हणजे काय ते समजून घ्या. ते शेवाळ नव्हे, बुरशी नव्हे. तो प्राणी आहे. त्याला डोळे नाहीत, मज्जातंतू नाहीत. अंगभर बारीक छिद्रं आहेत. त्यांतून पाणी आत ओढतो, त्यातले सूक्ष्म कण खातो आणि गाळलेलं पाणी मोठ्या छिद्रातून बाहेर सोडतो. आपण फडक्याने पाणी गाळतो, हा आयुष्यभर अंगाने गाळतो. भांडी घासायचा आजचा स्पंज प्लास्टिकचा; आंघोळीचा जुना स्पंज मात्र अशा जीवाचा सांगाडाच असायचा. आणि हा जीव परका नाही. हेन्री कार्टर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८४९ साली मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर लिहून ठेवलंय. असे स्पंज पाणी आटलं की दाण्यांसारख्या बारीक गाठी मागे ठेवतात आणि पाणी आलं की त्यांतून पुन्हा वाढतात. आपल्या जागी तो दुष्काळही काढतो. उपद्रवी ठरतो तो आपल्या काचेत.

"एकेंद्रियच आहे ना, मग काय!" असं एकीने लिहिलं. जुन्या ग्रंथांत प्रवाळ पृथ्वीकायात मोजलेलं आहे, हे मलाही माहीत आहे. विज्ञान प्रवाळालाही आणि स्पंजालाही प्राणी म्हणतं. इंद्रियं किती, याचा निर्णय मुनिमहाराजांना विचारा. पण संशय असेल तिथे श्रावक हात आखडतो की सैल सोडतो? भाजीत एक अळी दिसली तर आपण पूर्ण जुडी बाजूला ठेवतो. तिथे अळीची इंद्रियं मोजत बसत नाही.

आता अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवा. पाठशाळेत सगळ्यांनी पाठ केलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. ते या टाकीला लावून पाहा. स्पंज खरवडला की छेद. शिवाय खरवडून तो जातही नाही. १९०७ साली विल्सन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने स्पंज रेशमी जाळीतून पिळून काढला, तर सुट्या झालेल्या पेशी पुन्हा एकत्र येऊन त्यांचे स्पंज झाले. म्हणजे टाकीतच खरवडलेला तुकडा दुसऱ्या दगडावर जाऊन वाढू शकतो. दगड बाहेर काढून हवेत ठेवला किंवा गोड्या पाण्यात बुडवला, तर वध. मोठा स्पंज टाकीतच मेला तर पाणी नासून मासेही जातात. खाणं कमी करून उपाशी ठेवला तर अन्नपाननिरोध. दोन हात लांबीच्या काचेत दहा मासे कोंबले तर तोही भारच. आणि यातलं काहीच केलं नाही तरी बंध उरतोच! समुद्राचा जीव दिवाणखान्यात कोंडलाय, तो शोभेसाठी.

म्हणून म्हणते, स्पंज खरवडू का हा प्रश्नच चुकीचा. टाकी का आणली, हा प्रश्न विचारा.

आणि खाणं कशाचं? ज्या फ्रिजमध्ये बटाटा येत नाही, त्याच फ्रिजच्या वरच्या कप्प्यात गोठवलेल्या बारीक कोळंब्यांची पाकिटं! अष्टमी-चतुर्दशीला स्वतः हिरवी भाजी सोडायची आणि माशांना कोळंबी टाकायची. त्या खाण्याचं उरलंसुरलं पाण्यात कुजतं, त्यावरच तो स्पंज पोसतो. वर बोअरचं पाणी घातलं तर त्यातली सिलिका त्याच्या काटेरी सांगाड्याला मिळते.

काही जणी म्हणतील, स्वयंपाकातही हिंसा होते. होते. ती आरंभी हिंसा. चुलीशिवाय संसार नाही. टाकीशिवाय मात्र संसार चालतो. गरज नसताना केलेल्या हिंसेला आपल्याकडे वेगळं नाव आहे, अनर्थदंड, आणि त्याचा त्याग हे गुणव्रत आहे. तीनशे लिटरची टाकी भरायची तर लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने साडेदहा किलो मीठ लागतं. दर आठवड्याला दहावा भाग पाणी बदललं तर तीस लिटर. तेही आरओचं, म्हणजे शुद्ध होतं त्याहून जास्त पाणी मोरीत जातं. आपल्या हिंगोलीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की पाणी थंड ठेवायला वेगळं यंत्र. वीज गेली की टाकीतल्या जीवांची तडफड. टँकरची वाट पाहिलेल्या बाईला यातलं प्रमादचर्या काय, हे शिकवावं लागत नाही.

"मुलांना जीवदया कळते," हा शेवटचा बचाव. कैदेत ठेवून दया शिकवता येत नाही. शिवाय दुकानदार सांगत नाही ते मी सांगते: २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, जिथे वाघ आहे तिथेच. मुलाला प्रवाळ दाखवायचंच असेल तर सुट्टीत मालवणला न्या. तिथे समुद्रात, त्याच्या घरी, हात न लावता बघू द्या.

टाकी आधीच घरात असेल तर? आजपासून एकही नवा जीव आणू नका. मेलेल्याच्या जागी दुसरा नाही. खाणं मोजकं द्या, पाणी नासू देऊ नका. स्पंजाला हात लावू नका. ज्याच्याकडे मोठी, नीट सांभाळलेली समुद्री टाकी आधीपासून आहे, त्याला दगड स्पंजासकट, पाण्यातच ठेवून द्या. "म्हणजे पाप दुसऱ्याच्या गळ्यात?" तसं नाही. त्या जीवांना जास्त जागा मिळते आणि तुमच्या घरातून नवी मागणी थांबते. विहिरीत किंवा पूर्णा नदीत मात्र सोडू नका. पाणी गाळल्यावर फडक्यातले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत सोडायचे, हे आपल्या आज्यांनी शिकवलं. खाऱ्या पाण्यातला जीव गोड्या पाण्यात सोडणं ही सुटका नव्हे, मरणच आहे.

शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांसमोर आपण कंदमुळांचे, रात्रीच्या जेवणाचे नियम घेतो. या दशलक्षणात आणखी एक घ्या: शोभेसाठी घरात जीव कोंडणार नाही. आणि मुलगा हट्ट करील तेव्हा आईने मोडायचा नाही तो हाच नियम.